रंगांचा जागतिक बाजार कुठे चालला आहे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रंगाचे दुकानदार, रंगकामाची कंत्राटं घेणारे, सोसायटीच्या कमिटीवरची मंडळी, शेअर बाजारात पैसे घालणारे आणि केमिकलची मुलं, सगळेच या धंद्याबद्दल विचारत असतात. प्रश्न वेगवेगळे असतात, पण बहुतेकांची उत्तरं दोन ठिकाणी जाऊन पोहोचतात: कच्चा माल कुठून येतो, आणि सरकारं डब्यात काय घालू देतात. जाहिरातीत नट-नट्या आणि चकचकीत भिंती दिसतात. धंद्याची दिशा मात्र या दोन गोष्टींनी ठरते असं माझं ठाम मत आहे, आणि खालची उत्तरं त्याच अंगाने लिहिली आहेत.

रंग उद्योगात नक्की काय काय येतं? बाजार केवढा आहे?

घराच्या भिंतीचा रंग हा त्यातला एक मोठा भाग. त्याशिवाय गाडीचा रंग, फ्रिजचा पत्रा, जहाजाचं बूड, पुलाचे गर्डर, लाकडाचं पॉलिश, रस्त्यावरचे पट्टे आणि शीतपेयाच्या कॅनला आतून दिलेला पातळ थरसुद्धा याच उद्योगात मोजतात. जगभरची वार्षिक उलाढाल दोनशे अब्ज डॉलरच्या आसपास धरली जाते. मोजणारी प्रत्येक संस्था हद्द वेगळी आखते, म्हणून दोन अहवालांतले आकडे जुळत नाहीत. त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

भारताचं चित्र जरा वेगळं आहे. आपल्याकडे साधारण तीन चतुर्थांश बाजार घरगुती रंगांचा आणि एक चतुर्थांश औद्योगिक रंगांचा आहे. जगात औद्योगिक रंगांचा वाटा याहून बराच मोठा आहे. दरडोई वापर आपल्याकडे वर्षाला चार किलोच्या आसपास धरतात, जागतिक सरासरी त्याच्या तिपटीच्या पुढे जाते. हा फरक बघूनच नवे भांडवलदार इथे उतरत आहेत.

जगातल्या मोठ्या कंपन्या कोणत्या?

पहिला क्रमांक अमेरिकेच्या शेर्विन-विल्यम्सचा. १८६६ मध्ये क्लीव्हलँडला सुरू झालेली ही कंपनी २०२४ मध्ये २३ अब्ज डॉलरच्या पुढे गेली. त्यानंतर अमेरिकेचीच पीपीजी, नेदरलँड्सची अॅक्झो नोबेल आणि जपानची निप्पॉन पेंट. निप्पॉनची बहुसंख्य मालकी आता सिंगापूरच्या वुथेलम समूहाकडे आहे आणि तिचा सर्वांत मोठा बाजार चीन आहे, जपान नव्हे. गाड्यांच्या रंगात अॅक्झाल्टा आणि बीएएसएफ, जहाजांच्या रंगात नॉर्वेची योटुन आणि डेन्मार्कची हेम्पेल ही नावं ऐकू येतील. आपली एशियन पेंट्स जगातल्या पहिल्या दहांच्या आसपास असते.

या कंपन्या सतत एकमेकांना का विकत घेत असतात?

रंग हा जड आणि स्वस्त माल आहे. पाण्याने भरलेली बादली हजार किलोमीटर नेणं परवडत नाही, म्हणून कारखाना आणि विक्रेत्यांचं जाळं गिऱ्हाइकाजवळच लागतं. नव्या देशात दुकानदारांचा विश्वास कमवायला वीस वर्षं जातात. तिथली चालू कंपनी घेतली की ते जाळं तयार मिळतं. शिवाय कच्चा माल एकत्र खरेदी केला की भाव पाडून मिळतो.

गेल्या दशकातला व्यवहारांचा क्रम पाहा. शेर्विन-विल्यम्सने २०१७ मध्ये व्हॅल्स्पार सुमारे ११ अब्ज डॉलरना घेतली. त्याच वर्षी पीपीजीने अॅक्झो नोबेलसाठी तीनदा बोली लावली आणि तिन्ही वेळा डच संचालकांनी नकार दिला. भागधारकांची नाराजी झेलताना अॅक्झोने पुढे रसायनांचा मोठा विभाग विकून टाकला आणि फक्त रंगांवर लक्ष दिलं. निप्पॉनने २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाची ड्युलक्सग्रुप घेतली.

उलटा प्रवाहही आहे, आणि मला तो जास्त बोलका वाटतो. पीपीजीने २०२४ मध्ये अमेरिका आणि कॅनडातला भिंतीच्या रंगांचा आपला अख्खा धंदा ५५ कोटी डॉलरना विकायचं ठरवलं. घरच्या मैदानावर शेर्विनच्या स्वतःच्या हजारो दुकानांपुढे टिकणं जमेना, तेव्हा विमान, गाड्या आणि औद्योगिक रंगांत जोर लावणं त्यांना पटलं. जर्मनीच्या बीएएसएफने २०२५ मध्ये ब्राझीलमधला घरगुती रंगांचा धंदा शेर्विनला दिला, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये गाड्यांच्या रंगांच्या विभागातला मोठा वाटा कार्लाइल या गुंतवणूक कंपनीला देण्याचा करार केला. याच कार्लाइलने २०१३ मध्ये ड्युपॉन्टचा रंग विभाग घेऊन त्याची अॅक्झाल्टा केली होती. त्या अॅक्झाल्टाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अॅक्झो नोबेलशी विलीनीकरणाचा करार जाहीर केला. थोडं थोडं सगळं करणाऱ्या कंपन्या मागे पडत आहेत. एका-दोन प्रकारांत पहिल्या-दुसऱ्या क्रमांकावर असलेल्यांनाच भाव ठरवता येतो.

भारतात अचानक एवढी चुरस कशी सुरू झाली?

अचानक वाटते, पण पाया जुना आहे. एशियन पेंट्स १९४२ मध्ये मुंबईत गिरगावच्या एका गॅरेजमधून चार मित्रांनी सुरू केली. युद्धामुळे परदेशी रंगांची आयात आटली होती, ती संधी त्यांनी साधली. १९६७ पासून ती देशात पहिली आहे. लोअर परळला १९२० मध्ये सुरू झालेली गहागन पेंट्स म्हणजे आजची कन्साई नेरोलॅक. गाड्यांच्या रंगांत तिचं स्थान अजून भक्कम आहे. कोलकात्याची बर्जर दुसऱ्या क्रमांकावर. पुण्याची इंडिगो पेंट्स २००० मध्ये निघाली. जमिनीवर मारायचा रंग, मेटॅलिक रंग अशा कोपऱ्यातल्या प्रकारांवर तिने भर दिला, मोठ्या कंपन्यांचं जिथे लक्ष नव्हतं तिथे पाय रोवले आणि २०२१ मध्ये ती शेअर बाजारात आली.

कित्येक वर्षं हे चौघे-पाच जण बाजार वाटून घेत होते आणि नफ्याचं प्रमाण उत्तम होतं. ते पाहून आदित्य बिर्ला समूहाच्या ग्रासिमने १० हजार कोटी रुपये गुंतवले आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये बिर्ला ओपस बाजारात आणलं. सहा कारखाने, वर्षाला १३३ कोटी लिटर क्षमता; त्यातला एक रायगड जिल्ह्यात महाडला आहे. सिमेंट आणि पुट्टीमुळे या समूहाची हार्डवेअरच्या दुकानात आधीपासून ऊठबस होती, हे त्यांचं खरं भांडवल. दुसरीकडे २०१९ मध्ये उतरलेल्या जेएसडब्ल्यू पेंट्सने जून २०२५ मध्ये अॅक्झो नोबेल इंडियातला जवळपास पाऊण हिस्सा, म्हणजे ड्युलक्सचा इथला धंदा, सुमारे नऊ हजार कोटींना घेण्याचा करार केला.

परिणाम आकड्यांत दिसला. एशियन पेंट्सची एकत्रित विक्री २०२३-२४ मध्ये ३५ हजार कोटींच्या पुढे होती, २०२४-२५ मध्ये ती ३४ हजार कोटींच्या आसपास खाली आली. शहरी मागणी मंदावली होती, हेही त्यात धरलं पाहिजे. जुलै २०२५ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने बिर्लांच्या तक्रारीवरून एशियन पेंट्सच्या विक्रेत्यांशी असलेल्या व्यवहारांची चौकशी करण्याचा आदेश दिला.

दुकानदाराला या स्पर्धेचा फायदा आहे का?

आहे, पण जागेचं गणित सांभाळून. दुकानात मुख्य वस्तू असते टिंटिंग मशीन. पूर्वी शेड कार्डातल्या प्रत्येक रंगाचा डबा साठवावा लागे. आता पांढऱ्या बेसचे मोजके डबे ठेवायचे, गिऱ्हाइकाने नंबर सांगितला की मशीन त्यात दोन-तीन रंगद्रव्यांचे मोजून थेंब सोडतं, मग डबा शेकरवर चढवून हलवायचा. दहा मिनिटांत काम. पण प्रत्येक कंपनीचं मशीन वेगळं, बेस वेगळे. दीडशे चौरस फुटांच्या गाळ्यात दोन मशीनं मावतात, तिसरं ठेवायचं तर कुठला तरी माल बाहेर काढावा लागतो. म्हणून कंपन्यांची खरी झुंज त्या तीन फुटांच्या जागेसाठी चालू आहे. दुकानदाराने सवलतीच्या टक्क्यांबरोबर आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: माल किती तासांत पोहोचतो आणि न खपलेले बेस परत घेतात का.

पांढऱ्या रंगाच्या भावावर सगळी गणितं का अडतात?

कारण पांढऱ्या रंगद्रव्याला, म्हणजे टायटॅनियम डायऑक्साइडला, तोडीस तोड पर्याय नाही. हा मुद्दा नीट समजून घेण्यासारखा आहे.

भिंतीला चुन्याचा हात मारताना पाहा. ओला असताना तो पाणचट, जवळजवळ पारदर्शक दिसतो, खालचा डाग तसाच डोकावतो. वाळला की पांढराशुभ्र होतो. चुन्याचा कण प्रकाशाला जेवढा वाकवतो, त्याच्या आसपासच पाणीही वाकवतं, म्हणून ओलेपणी प्रकाश सरळ आरपार जातो. पाणी उडून त्या जागी हवा आली की दोघांतला फरक वाढतो आणि प्रकाश विखुरतो. चांगल्या इमल्शनमध्ये, म्हणजे भिंतीच्या पाण्याच्या रंगात, मात्र कणांभोवती हवा नसते, प्लास्टिकसारखा चिवट बाइंडर असतो. त्याचा अपवर्तनांक (प्रकाश वाकवण्याचं माप) १.५ च्या आसपास, खडूच्या पुडीचा १.६ च्या आसपास. म्हणून खडू बाइंडरमध्ये बुडाला की दिसेनासा होतो. टायटॅनियम डायऑक्साइडच्या रूटाइल प्रकाराचा अपवर्तनांक २.७ आहे. तो बाइंडरमध्ये पूर्ण बुडूनही प्रकाश परतवतो, म्हणून दोन हातांत भिंत झाकली जाते.

स्वस्त डिस्टेंपरमध्ये टायटॅनियम कमी आणि खडू जास्त असतो, बाइंडर मुद्दाम कमी ठेवून आत हवेच्या पोकळ्या राहू देतात. भिंत झाकली जाते, पण हात लावला की बोटाला पांढरं लागतं. डब्यांच्या किमतीतला फरक बऱ्याच अंशी इथून येतो.

टायटॅनियम डायऑक्साइडचा सर्वांत मोठा उत्पादक आता चीन आहे. पाश्चात्त्य कारखाने एकेक बंद होत आहेत: केमर्सने २०२३ मध्ये तैवानमधला, ट्रोनॉक्सने २०२५ मध्ये नेदरलँड्समधला बोटलेकचा कारखाना बंद करायचं ठरवलं. युरोपीय संघाने जानेवारी २०२५ मध्ये चिनी मालावर अँटी-डंपिंग शुल्क (परदेशी माल फार स्वस्तात ओतला जाऊ नये म्हणून लावायचा कर) पक्कं केलं, मे २०२५ मध्ये भारतानेही लावलं. देशी उत्पादकांना संरक्षण हवं असतं, रंग कंपन्यांना स्वस्त माल. त्यामुळे असे निर्णय वादात सापडतात आणि फिरतातही. आयात करणाऱ्याने ताजी अधिसूचना वाचल्याशिवाय सौदा करू नये.

आपल्याला खरं तर याचं जास्त वाईट वाटायला हवं. टायटॅनियम ज्या इल्मेनाइट खनिजातून काढतात, ते केरळच्या किनाऱ्यावर चवऱ्याला आहे, ओडिशात आहे, आपल्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतही आहे. चवऱ्याला केरळ मिनरल्स अँड मेटल्स ही सरकारी कंपनी टायटॅनियम डायऑक्साइड तयारही करते. तरी देशाची बरीचशी गरज आयातीने भागते. किनारा न खरवडता हे कसं करायचं, याचा विचार व्हायला हवा.

क्रूड तेल स्वस्त झालं तरी रंग स्वस्त का होत नाही?

बाइंडर, सॉल्व्हंट, कित्येक अॅडिटिव्ह आणि डबा किंवा बादलीसुद्धा पेट्रोलियमपासून येते, म्हणून कच्च्या मालाचा निम्म्याहून जास्त खर्च तेलाशी बांधलेला असतो. २०२१ मध्ये तेल आणि रसायनं महागली तेव्हा भारतीय कंपन्यांनी वर्षभरात टप्प्याटप्प्याने वीस टक्क्यांच्या आसपास दर वाढवले. तेल उतरलं तेव्हा दर त्या वेगाने उतरले नाहीत. ज्या बाजारात मोजकेच विक्रेते असतात तिथे हे असंच होतं. मधल्या काळात गिऱ्हाइकाला जे काही सुटलं, ते नव्या कंपन्या आल्यामुळे. कराचा भाग म्हणाल तर जुलै २०१८ मध्ये जीएसटी २८ वरून १८ टक्के झाला, तेव्हा दिलासा मिळाला होता.

ऑइल पेंट बंद होणार का?

भिंतीवरून तो जवळजवळ गेलाच आहे. दारं, खिडक्या आणि ग्रिलवर अजून आहे, आणि तिथूनही तो हळूहळू हटेल.

यामागे व्हीओसी आहे, म्हणजे रंग वाळताना हवेत उडून जाणारे सेंद्रिय द्रव. इनॅमलच्या, म्हणजे ऑइल पेंटच्या, डब्याचा मोठा भाग टर्पेंटाइनसारखा द्रव असतो आणि तो भिंतीवर राहत नाही, हवेत जातो. उन्हात नायट्रोजनच्या ऑक्साइडांबरोबर त्याची प्रक्रिया होऊन जमिनीलगत ओझोन बनतो. लॉस एंजेलिसला या धुरक्याने डोळे चुरचुरायचे, म्हणून १९६६ मध्ये तिथल्या प्रशासनाने सॉल्व्हंटवर पहिला मोठा नियम आणला. जगातली पाण्याच्या रंगांकडची वाटचाल तिथून वेगाने सुरू झाली. युरोपीय संघाने २००४ चा निर्देश दोन टप्प्यांत लागू केला. २०१० पासून आतल्या मॅट भिंतीच्या पाण्याच्या रंगात लिटरला ३० ग्रॅमपेक्षा जास्त व्हीओसी चालत नाही. चीनने फेब्रुवारी २०१५ पासून लिटरला ४२० ग्रॅमच्या वर व्हीओसी असलेल्या रंगांवर ४ टक्के कर बसवला. उलाढालीच्या मानाने कर छोटा वाटेल, पण हजारो लहान कारखान्यांना त्याने कृती बदलायला लावली.

भारतात घरगुती रंगांतल्या व्हीओसीवर शिशासारखी देशभर सक्तीची मर्यादा नाही. हरित इमारतींची मानांकनं आहेत, ती ऐच्छिक. मोठ्या कंपन्या निर्यातीमुळे आणि नावापायी सुधारल्या. सक्ती यायला हवी, आणि ती लहान उत्पादकांना पुरेशी मुदत देऊन यावी.

पाण्याचा रंग म्हणजे संपूर्ण निर्धोक का?

नाही. पाणी आलं की जंतू आले. बंद डबा कुजू नये म्हणून त्यात आयसोथायझोलिनोन गटातली रसायनं घालतात. काहींना त्यांची अॅलर्जी होते, त्वचेला खाज सुटते. युरोपमध्ये त्यांच्या प्रमाणावर नियम कडक होत आहेत, म्हणून डबा टिकवण्याचे दुसरे मार्ग शोधणं हा संशोधनाचा मोठा विषय झाला आहे. शिवाय इमल्शनमधले बाइंडरचे सुटे कण एकजीव होऊन सलग थर बनावा म्हणून थोडं सॉल्व्हंट लागतंच. "नो स्मेल" लिहिलंय म्हणजे काहीच उडत नाही, असा अर्थ काढू नका. नव्या रंगाच्या खोलीत लहान बाळ झोपवण्याआधी काही दिवस खिडक्या उघड्या ठेवा.

आणि घरात राहणाऱ्यापेक्षा जास्त धोका रंगाऱ्याला आहे, हे कुणी बोलत नाही म्हणून मी आग्रहाने लिहितोय. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८९ मध्ये रंगाऱ्याचा व्यवसायच कर्करोगकारक गटात टाकला आहे. एकच रसायन नाही, तर वर्षानुवर्षांचं सॉल्व्हंट, घासकामाची धूळ आणि जुने थर या सगळ्यांचा तो एकत्र परिणाम. घोटलेल्या पुट्टीला पॉलिश पेपर मारताना खोलीत पांढरा धुरळा उठतो आणि तोंडाला रुमाल बांधून माणूस दिवसभर त्यात उभा असतो. धूळ ओढून घेणारं सँडिंग मशीन आता सहज मिळतं. कोटेशन मागताना ते मशीन आणि बरा मास्क धरूनच मागा. चार पैसे जास्त पडले तरी चालेल.

रंगातलं शिसं गेलं का?

कायद्याने गेलं. अमेरिकेने घरगुती रंगांत १९७८ मध्ये बंदी घातली. भारतात पर्यावरण मंत्रालयाच्या २०१६ च्या नियमांनी घरगुती आणि सजावटीच्या रंगांत शिशाची मर्यादा ९० पीपीएम (दहा लाख भागांत ९० भाग) केली आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून त्याहून जास्त शिशाचा रंग बनवायला बंदी आली. नियम चांगला आहे. कच्चे दुवे दोन: औद्योगिक रंग त्यातून सुटले आहेत, आणि छोट्या गावांत विकल्या जाणाऱ्या स्थानिक इनॅमलची तपासणी फार कमी होते. पिवळा, केशरी आणि लाल या भडक छटांत लेड क्रोमेट वापरण्याची जुनी सवय आहे, तेव्हा पाळणा, खेळणी, अंगणवाडीचं बाकडं यांना बिननावाच्या डब्यातला पिवळा रंग लावू नका. जुन्या वाड्याचं दार घासायचं असेल तर पाणी मारून घासा आणि खरवड गोळा करून घ्या. मुलांच्या मेंदूला शिशाची कुठलीही मात्रा सुरक्षित मानलेली नाही.

पावडर कोटिंगची एवढी चर्चा का असते?

त्यात सॉल्व्हंट नसतंच. विद्युतभारित पावडर धातूवर फवारायची, भट्टीत १८० ते २०० अंशांवर भाजायची, ती वितळून सलग थर होते. उडालेली पावडर गोळा करून पुन्हा वापरता येते. भोसरी, चाकण, वाळूज या पट्ट्यात छोट्या शेडमध्येही हे काम चालतं: पंख्याची पाती, खुर्च्या, इलेक्ट्रिक पॅनेलचे डबे. आता जगभर प्रयत्न चालू आहेत ते भट्टीचं तापमान कमी करण्याचे. गॅस वाचतो, आणि एमडीएफसारखं लाकूडही पावडरने रंगवता येतं.

जहाजांच्या रंगाचा बाजार वेगळा का मानतात?

जहाजाच्या बुडाला शेवाळ आणि बार्नॅकल (कवचाचे छोटे समुद्री जीव) चिकटले की पाण्याचा विरोध वाढतो आणि इंधन जास्त जळतं. पूर्वी त्यावर ट्रायब्युटिल टिनचा रंग अत्यंत प्रभावी होता. मग फ्रान्सच्या आर्काशों खाडीतली कालवं वेडीवाकडी वाढू लागली, समुद्री गोगलगायींच्या माद्यांना नराचे अवयव फुटू लागले, आणि हा रंग दोषी ठरला. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा करार २००१ मध्ये झाला आणि सप्टेंबर २००८ मध्ये लागू झाला. २०२३ पासून सायब्युट्रीन या दुसऱ्या रसायनावरही बंदी आहे. कंपन्या आता तांब्याचे रंग आणि काहीच चिकटू न देणारे गुळगुळीत सिलिकॉनचे थर विकतात. जहाज कंपन्यांवर कार्बन कमी करण्याचा दबाव असल्याने महागडा रंगही परवडतो, कारण तो इंधनात वसूल होतो.

चीनची मंदी आपल्यापर्यंत कशी पोहोचते?

२०२१ पासून तिथलं बांधकाम क्षेत्र बसलं. नव्या इमारती कमी झाल्या तसा तिथल्या कंपन्यांनी जुन्या घरांच्या पुन्हा रंगवण्याकडे मोर्चा वळवला. पण रसायनांचे कारखाने आधीच मोठ्या क्षमतेचे बांधलेले आहेत. तो जादा माल जगभर स्वस्तात जातो. आपल्या रंग उत्पादकाला कच्चा माल स्वस्त मिळतो, आपल्या रसायन उत्पादकाला मात्र त्याच मालाशी झगडावं लागतं.

उन्हाळ्यात घर गार ठेवणारे रंग खरंच काम करतात का?

छतावर करतात. पांढरा परावर्तक थर ऊन परतवतो आणि स्लॅब कमी तापतो. अमेरिकेच्या पर्ड्यू विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ मध्ये बेरियम सल्फेटचा ९८.१ टक्के सूर्यप्रकाश परतवणारा रंग दाखवला. बाजारातले रंग तिथवर पोहोचलेले नाहीत, पण साधा चुनाही बराच उपयोगी पडतो. अहमदाबादने वस्त्यांच्या पत्र्यांवर हा प्रयोग केला, तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचं धोरणच आणलं. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याच्या पत्र्याच्या घरांना याची गरज मुंबईतल्या टॉवरपेक्षा कितीतरी जास्त आहे. महाराष्ट्राने असं धोरण मनावर घ्यावं. एक अट मात्र आहे: धूळ बसली की परिणाम घटतो, म्हणून छत धुवावं लागतं.

शेणाच्या रंगाला भवितव्य आहे का?

खादी ग्रामोद्योग आयोगाचा प्राकृतिक पेंट जानेवारी २०२१ मध्ये नितीन गडकरींच्या हस्ते बाजारात आला. गावात रोजगार आणि कमी व्हीओसी हे त्याचे गुण आहेत. प्रत्येक ठिकाणच्या मालाचा दर्जा सारखा राखणं अवघड आहे, आणि तिथेच त्याची परीक्षा होईल.

रंगाऱ्यांना डब्यातून टोकन मिळतं, ते कशासाठी?

कुठल्या कंपनीचा रंग लावायचा हे भारतात बऱ्याचदा रंगारी सुचवतो, म्हणून कंपन्या त्याला टोकन देतात. आता टोकनाच्या जागी मोबाइलवर कोड स्कॅन करून पैसे थेट खात्यात जमा होतात. ही रक्कम डब्याच्या किमतीतच धरलेली असते. युरोप-अमेरिकेत मजुरी महाग असल्यामुळे लोक स्वतः घर रंगवतात किंवा मोठे कंत्राटदार दुकानातून थेट उचलतात. तिथे ही पद्धत नाही. आपल्याकडे कंपन्या आता रंगकामाची सेवाही विकू लागल्या आहेत: माप घेणं, मशीनने घासणं, ठरल्या दिवसांत काम पुरं करणं. चांगला रंगारी मिळणं कठीण झालं आहे, त्यामुळे हे वाढत जाणार. रंगाऱ्याला प्रशिक्षण आणि विमा मिळत असेल तर मी त्याचं स्वागत करेन.

या क्षेत्रात शिकायचं तर कुठे?

मुंबईची रसायन तंत्रज्ञान संस्था, म्हणजे जुन्या लोकांची यूडीसीटी, नागपूरची लक्ष्मीनारायण संस्था आणि जळगावच्या विद्यापीठातली रसायन तंत्रज्ञान संस्था या तिन्ही ठिकाणी रंग तंत्रज्ञानाचं शिक्षण मिळतं. एकाच राज्यात अशा तीन जागा असणं ही महाराष्ट्राची मोठी जमेची बाजू आहे. पॉलिमर आणि रंगद्रव्यं यांचा पाया पक्का करा, आणि नियमावली वाचायची सवय लावून घ्या. निर्यात करणाऱ्या प्रत्येक कंपनीला ती वाचणारा माणूस हवा असतो.

सामान्य गिऱ्हाइकाने डबा घेताना काय पाहावं?

शिशाबद्दलची ओळ, उत्पादनाची तारीख आणि एका लिटरमध्ये दोन हातांत किती चौरस फूट होतात हा आकडा. एका लिटरच्या किमतीला त्या आकड्याने भागा, चौरस फुटाचा भाव निघेल. कमी किमतीचा डबा बऱ्याचदा इथे महाग ठरतो, कारण त्याला तिसरा हात लागतो आणि तिसऱ्या हाताची मजुरी वेगळी. भिंतीला ओल असेल तर रंग घेऊच नका. आधी गळती शोधा, भिंत पूर्ण वाळू द्या. ओल्या भिंतीवरचे पोपडे कुठल्याच कंपनीच्या हमीत बसत नाहीत.